लिंडी हॉप: कोणत्या लेव्हलचा वर्ग घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिंडी हॉप या जोडीने नाचायच्या स्विंग नाचाबद्दल मला जे विचारलं जातं, त्यात पावलांपेक्षा लेव्हलचे प्रश्न जास्त असतात. पुण्या-मुंबईतून, बंगळूरहून आणि युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींकडून येणारे हे प्रश्न बरेचसे सारखेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. सगळ्या उत्तरांमागचं माझं मत आधीच सांगते. लिंडीच्या वर्गात जोडीदार दर काही मिनिटांनी बदलत राहतो, त्यामुळे तुम्ही निवडलेली लेव्हल तुमच्यापुरती राहत नाही. तिचा फायदा-तोटा वर्गातल्या प्रत्येकाला होतो. शंका असेल तर एक पायरी खाली बसा.

१. वर्गांच्या यादीत लिंडी, चार्ल्स्टन, बाल्बोआ, शॅग अशी नावं दिसतात. यातलं स्विंग कोणतं?

सगळीच. स्विंग संगीताच्या काळात वाढलेल्या अनेक नाचांना मिळून हे नाव आहे. त्यातला सगळ्यात जास्त शिकवला जाणारा नाच म्हणजे लिंडी हॉप. तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, कृष्णवर्णीय तरुणांच्या नाचघरांत घडला. १९२६ मध्ये सुरू झालेलं सॅव्हॉय बॉलरूम हे त्याचं माहेरघर. बाल्बोआ दक्षिण कॅलिफोर्नियातला. जवळून धरून, छोट्या पावलांनी, वेगवान गाण्यांवर नाचायचा.

प्रत्येक नाचाची लेव्हल वेगळी धरली जाते. लिंडीत तिसरीत असलात तरी बाल्बोआत पहिलीपासूनच सुरुवात करायची. यादीत नुसतं ‘स्विंग बिगिनर’ लिहिलं असेल तर बहुतेक वेळा सहा मात्रांची साधी पावलं आणि लिंडीची तोंडओळख असते.

२. मी आयुष्यात कधी नाचलो नाही. जोडीदारही नाही. कुठून सुरू करू?

लेव्हल १ मध्ये या, एकटे या. जोडीदार वर्गातच मिळतात आणि बदलत राहतात. सपाट तळव्याचे, फरशीला फार न चिकटणारे बूट घाला.

एक फरक लक्षात ठेवा. सोशल डान्सच्या, म्हणजे शिकवणी नसलेल्या मोकळ्या नाचाच्या, आधी तासभराचा जो ओळखवर्ग घेतात तो म्हणजे लेव्हल १ नव्हे. तो त्या संध्याकाळपुरता तुम्हाला फ्लोअरवर उतरवण्यासाठी असतो. असे दहा वर्ग केले तरी दर वेळी तीच पहिली पावलं शिकाल.

३. लेव्हल १, २, ३ मध्ये साधारण काय असतं? आमच्या शहरात आणि भावाच्या शहरात नावं वेगळी आहेत.

नावांवर जाऊ नका. एका ठिकाणचं ‘इंटरमीजिएट’ दुसऱ्या ठिकाणी लेव्हल २ असतं, तिसरीकडे ४. जगभर मान्य असं कुठलंही एक प्रमाण नाही. वर्गाच्या माहितीत काय यायला हवं असं लिहिलंय ते वाचा, आणि ते लिहिलं नसेल तर शिकवणाऱ्यांना विचारा.

बहुतेक ठिकाणचा क्रम मात्र ओळखता येतो. पहिल्या लेव्हलला लय, अंगातला तो हलका हेलकावा, रॉक स्टेप (एक पाय मागे टाकून परत पुढे येणं), ट्रिपल स्टेप (दोन मात्रांत तीन पावलं), सहा मात्रांची काही वळणं आणि चार्ल्स्टनची साधी पावलं. पुढे आठ मात्रांचा स्विंग आउट येतो. जोडीदार जवळ येतात, एकमेकांभोवती फिरतात आणि पुन्हा हातभर लांब जातात. लिंडी हॉपचा जीव या एका हालचालीत आहे, आणि बहुतेक शाळांत लेव्हल २ आणि ३ यांमधला खरा उंबरठा हाच असतो. त्यापुढे मागे-पुढे उभं राहून नाचायचं टँडम चार्ल्स्टन, स्विंग आउटचे प्रकार, वेगवान गाणी. आणखी पुढे संगीताची रचना ऐकून नाचणं: बारा मात्राखंडांचा (एक खंड म्हणजे चार मात्रा) ब्लूज कुठे वळतो, बत्तीस मात्राखंडांच्या गाण्यात मधला वेगळा भाग कधी येतो.

४. मी पुढच्या लेव्हलला तयार आहे हे कसं ओळखायचं?

किती मूव्ह येतात हे मोजू नका. ही परीक्षा घ्या: सोशल डान्समध्ये ज्या व्यक्तीबरोबर कधी नाचला नाहीत तिच्याबरोबर, मिनिटाला १४० च्या आसपास ठोके असलेल्या गाण्यावर, फक्त सध्याच्या लेव्हलची पावलं वापरून अख्खं गाणं नाचा. जुन्या ७८ च्या तबकड्यांमुळे त्या काळची बहुतेक गाणी तीनेक मिनिटांचीच आहेत. ती तीन मिनिटं लय न सोडता, तोंडाने आकडे न मोजता, आणि चुकल्यावर न थांबता पार पडली, तर तुम्ही तयार आहात. (ठोके मोजायला ॲप लागत नाही. पंधरा सेकंदांत किती पडतात ते मोजा आणि चाराने गुणा.)

दुसरी खूण रॉक स्टेपमध्ये दिसते, आणि ही मी सगळ्यात आधी बघते. लीड, म्हणजे जोडीत हालचाल सुचवणारा, डावा पाय मागे टाकतो (त्याच्या सुचवण्यावर नाचणारी व्यक्ती म्हणजे फॉलो). टाच आपटून सगळं वजन त्या पायावर गेलं की धड मागे कलतं, कोपर सरळ होतं आणि समोरच्या व्यक्तीचा खांदा खेचला जातो. पाय मागे गेला, पण छाती जागेवरच राहिली, आणि पुढच्या भागाने जमीन हलकेच दाबून पाय परत आला, तर हातात फक्त थोडासा ताण जाणवतो; सोडल्यासारखं वाटत नाही, ओढल्यासारखंही नाही. आरशात बघून हे कळणार नाही. जोडीदाराला विचारा, “हात ओढला जातोय का?” तीन-चार जणांनी नाही म्हटलं की पुढे जा.

ट्रिपल स्टेपही तपासा. दोन मात्रांत तीन पावलं: पहिलं मात्रेवर, दुसरं पुढच्या मात्रेच्या अगदी जरा आधी, तिसरं मात्रेवर. तिन्ही पावलं सारख्या अंतराने पडत असतील तर पाय बरोबर जागी पडूनही नाच स्विंग वाटत नाही. हे बसायला वेळ लागतो आणि वरच्या लेव्हलला कुणी परत शिकवत नाही.

५. लेव्हल १ चा पूर्ण कोर्स केला, एकही तास चुकवला नाही. आता आपोआप लेव्हल २ ना?

हजेरी आणि तयारी या वेगळ्या गोष्टी. आठवड्याला एक तास, असे सहा-आठ आठवडे, एवढ्यात पावलं डोक्यात बसतात. अंगात बसायला सोशल डान्स लागतो. जे दर आठवड्याला सोशलला जातात ते एका कोर्सनंतर पुढे जाऊ शकतात. जे फक्त वर्गाला येतात त्यांनी लेव्हल १ परत करावी, आणि ती खाली मान घालून करायची गोष्ट नाही. दुसऱ्या वेळी पावलं आठवण्यात डोकं अडकत नाही, म्हणून गाणं पहिल्यांदा नीट ऐकू येतं.

६. मी बारा वर्षं कथक केलंय. मला पहिल्या लेव्हलला बसवणं म्हणजे वेळ वाया घालवणं नाही का?

लेव्हल १ तुम्हाला लवकर जमेल, पण टाळू नका. ताल तुमच्याकडे आहे, मात्रांचा हिशोब आहे, समेची वाट बघायची सवय आहे. हे भांडवल मोठं आहे. भरतनाट्यम किंवा ढोल-ताशा पथकातून आलेल्यांनाही हेच सांगते.

तीन गोष्टी मात्र नव्या असतात. कथकमध्ये शरीर ताठ, उभ्या रेषेत. लिंडीत गुडघे सैल, धड किंचित पुढे, वजन जमिनीकडे. तत्कारात पूर्ण तळवा स्वच्छ वाजतो. इथे पाऊल आवाज न करता जमिनीत मुरतं. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे पुढची हालचाल आधी ठरलेली नसते, ती दोघांच्या हातांमधून त्या क्षणी ठरते. पाठांतरात तरबेज असलेल्यांना हे सुरुवातीला विशेष जड जातं, कारण ते जोडीदाराच्या आधीच पुढच्या पावलावर पोचलेले असतात. एक लेव्हल १ करा. त्यानंतर शिकवणारेच तुम्हाला पुढे जायला सांगतील.

७. आणि साल्सा येत असेल तर?

जोडीने नाचायची सवय आहे, दुसऱ्याचा हात वाचता येतो, म्हणजे प्रश्न ६ मधली तिसरी अडचण तुम्हाला नाही. अडतं ते लयीत. साल्सात चौथ्या आणि आठव्या मात्रेवर थांबायची सवय पायांना असते, लिंडीत नेमकी तिथे ट्रिपल स्टेप संपत असते. लेव्हल १ चे दोन-तीन तास करून शिकवणाऱ्यांना विचारा. साल्सावाल्यांना कोर्सच्या मध्यातच वर पाठवल्याचं मी पाहिलंय.

८. स्विंग संगीत कधी ऐकलं नाही. आधी ऐकून यायला हवं का?

हवं, आणि याला एक पैसा लागत नाही. काउंट बेसीपासून सुरुवात करा. त्यांच्या वाद्यवृंदाची लय इतकी स्पष्ट असते की पाय आपोआप हलतो. मग चिक वेब, ज्यांचा वाद्यवृंद सॅव्हॉयमध्ये वाजायचा आणि ज्यांच्याबरोबर तरुण एला फिट्झजेराल्ड गायच्या. मग ड्यूक एलिंग्टन.

हे संगीत आपल्याकडे नवं नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजत होता, पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड तिथे वाजवत. गोव्याहून आलेले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट जॅझ वाजवता वाजवता सी. रामचंद्रांच्या ध्वनिमुद्रणांपर्यंत पोचले. १९४०-५० च्या दशकांतली हिंदी गाणी ऐकत वाढलेल्यांना हा ठेका कुठेतरी ओळखीचा वाटतो, आणि लेव्हल १ मध्ये ती ओळख उपयोगी पडते.

९. व्हिडिओ बघून घरी स्विंग आउट शिकलोय. लेव्हल २ किंवा ३ चालेल?

आधी प्रश्न ४ ची परीक्षा अनोळखी जोडीदाराबरोबर द्या. व्हिडिओत आकार दिसतो, हातातला ताण दिसत नाही. एकट्याने करायच्या गोष्टी मात्र व्हिडिओवरून उत्तम शिकता येतात: चार्ल्स्टनची एकल पावलं, शिम शॅम (जोडीदाराशिवाय करायचा पावलांचा ठरलेला क्रम). त्या जरूर करा.

१०. आम्ही नवरा-बायको. तो दोन वर्षं शिकतोय, मी आत्ता सुरू करतेय. एकाच वर्गात बसायचंय.

एकत्रच शिकायचं असेल तर तो खाली येऊ दे, तुम्ही वर जाऊ नका. तुम्ही त्याच्या लेव्हलला बसलात तर जोडीदार बदलत असल्यामुळे निम्म्याहून जास्त वेळ अनोळखी लोकांबरोबर धडपडाल, आणि उरलेला वेळ नवऱ्याकडून शिकवणी घ्याल. वर्गात नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला शिकवणं हे मला सगळ्यात जास्त भांडणांचं कारण दिसलंय. सूचना फक्त शिकवणाऱ्यांकडून घ्यायच्या, हे घरूनच ठरवून या.

त्याला लेव्हल १ चा कंटाळा येईल असं वाटत असेल तर त्याने तीच लेव्हल फॉलो म्हणून करावी. पुढचा प्रश्न पाहा.

११. लीड म्हणून लेव्हल ३ आहे. आता फॉलो शिकायचंय. परत पहिलीपासून?

हो, पण वेग वेगळा असेल. पावलं, लय, संगीत तुमच्याकडे आहे. नवं आहे ते वाट बघणं. बरेच लीड फॉलो करताना पुढची हालचाल स्वतःच सुरू करतात, कारण ती त्यांना माहीत असते. लेव्हल १ किंवा २ मध्ये ही सवय सुटते, वरच्या लेव्हलला ती लपून राहते. पुरुषांनी फॉलो आणि स्त्रियांनी लीड करणं आज बहुतेक ठिकाणी सहज चालतं. नाव नोंदवताना भूमिका स्पष्ट लिहा, म्हणजे वर्गात दोन्ही बाजूंचा आकडा जुळतो.

१२. मी फॉलो आहे. चांगला लीड मिळाला की मला लेव्हल ४ चं सगळं जमतं. मग मी लेव्हल ४ ना?

हा सगळ्यात फसवा प्रश्न आहे आणि फॉलोंकडून सतत येतो. अनुभवी लीड तुमची लय, तुमचा तोल, तुमचं वजन सगळं सांभाळून घेतो. तुम्ही पोचता त्यात त्याचा वाटा किती हे आतून कळत नाही. म्हणून स्वतःच्या लेव्हलच्या किंवा थोड्या नवख्या लीडबरोबर नाचून बघा. त्याची लय ढळली तरी तुमची टिकते का? स्विंग आउटच्या पाचव्या-सहाव्या मात्रेवर तो तुम्हाला सोडतो, तेव्हा तुम्ही स्वतःच्या पायांनी त्या रेषेत पुढे चालत जाता, की त्याने ढकलायची वाट बघता? चालत जात असाल तर लेव्हल खरंच तुमची आहे.

उलट बाजूही खरी आहे. पहिल्या वर्षात लीडना जास्त अवघड जातं, कारण एकाच वेळी स्वतःची पावलं, पुढची हालचाल आणि फ्लोअरवरची गर्दी सांभाळायची असते. त्यामुळे एकत्र सुरुवात केलेल्या दोन मित्रांपैकी फॉलो आधी वर गेला तर त्यात लीडचं काही बिघडलं असं नाही.

१३. कॅम्पला चाललोय, तिथे ऑडिशन आहे. काय बघतात?

मोठ्या शिबिरांत लेव्हल ठरवायला अनेकदा ऑडिशन असते. स्वीडनमधलं हेरेंग हे १९८० च्या दशकापासून चालत आलेलं शिबिर तर उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे चालतं. गाणी लावतात, जोडीदार बदलत ठेवतात, शिक्षक बाजूने बघत फिरतात. बघतात ते साधं: लय टिकते का, वेग वाढल्यावर स्विंग आउट तुटतो का, जोडीदार आरामात आहे का. दहा सेकंदांत बरंच कळतं.

म्हणून ठेवणीतली मूव्ह काढू नका. साधं, स्वच्छ नाचा आणि जोडीदाराकडे बघा, परीक्षकांकडे नाही. पाणी प्या, आधी एक गाणं नाचून अंग मोकळं करा.

१४. ऑडिशनमध्ये अपेक्षेपेक्षा खाली टाकलं. तक्रार करू का?

पहिला दिवस पूर्ण करा, मग शिक्षकांशी बोला. चुका होतात, आणि चांगल्या शिबिरांत पहिल्या दिवशी लोकांना वर-खाली हलवतातही. पण “माझ्या शहरात मी लेव्हल ४ आहे” हा मुद्दा चालत नाही (प्रश्न ३). वाईट वाटणं साहजिक आहे, त्याचा कुणी कमीपणा मानू नये. पैसे भरून, रजा काढून, इतक्या लांब गेलेले असता. तरीही सांगते, खालच्या वर्गात वर असलेल्यांचा आठवडा वरच्या वर्गात धापा टाकणाऱ्यांपेक्षा चांगला जातो.

१५. माझं वय ५८. गुडघे कुरकुरतात. लेव्हल ३ नंतरचं मला झेपेल?

लेव्हल आणि वेग या दोन गोष्टी वेगळ्या करा. फ्रँकी मॅनिंग १९३० च्या दशकात सॅव्हॉयचे अव्वल नर्तक होते. नंतर त्यांनी अनेक वर्षं टपालखात्यात नोकरी केली, १९८० च्या दशकात नव्या पिढीने त्यांना शोधून काढलं तेव्हा ते सत्तरीत होते, आणि २००९ मध्ये ९४ व्या वर्षी जाईपर्यंत ते शिकवत राहिले. वयामुळे नाच लहान झाला, खोल झाला. तुम्हाला संगीत आणि जोडीदाराशी संवाद यावरचे वर्ग घ्यायला काही अडचण नाही. मिनिटाला २०० ठोक्यांच्या पुढच्या वेगाचे वर्ग सोडून द्या. गुडघ्याला सूज येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. शिकवणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा, उड्या असलेल्या पावलांना पर्याय देतात.

१६. बाळंतपणामुळे दोन वर्षं खंड पडला. कुठे बसू?

सोडलं होतं त्याच्या एक लेव्हल खाली, एका कोर्सपुरतं. पावलं दोन आठवड्यांत परत येतात, दम आणि पोटाची ताकद सावकाश येते. त्याआधी दोनदा सोशलला जाऊन आलात तर अंदाज जास्त नेमका येईल.

१७. आमच्या शहरात एकच वर्ग आहे, सगळे लेव्हल एकत्र. पुढे कसं जायचं?

भारतातल्या बऱ्याच ठिकाणी हीच परिस्थिती आहे. तक्रार करण्यापेक्षा आठवा, सॅव्हॉयमध्ये लेव्हलचे वर्ग नव्हतेच. लोक बघून शिकले, नाचून शिकले, मित्रांबरोबर सराव करून शिकले. उत्तम नर्तकांचा एक कोपरा ठरलेला असे, आणि नवखे तिथे उभे राहून बघत.

मिश्र वर्गात प्रत्येक तासाला स्वतःपुरता एक विषय घ्या. आज फक्त ट्रिपल स्टेप, आज फक्त रॉक स्टेप. दोन-तीन जणांनी मिळून आठवड्यातून एकदा कुणाच्या गच्चीवर किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये सराव ठेवा. वर्षातून एकदा एखाद्या महोत्सवाला जा आणि तिथे मधली लेव्हल घ्या, वरची नाही.

१८. मी वेस्ट कोस्ट स्विंगमध्ये ‘नॉव्हिस’ आहे. लिंडीत ती कोणती लेव्हल?

जुळवता येत नाही. वेस्ट कोस्ट स्विंगच्या स्पर्धांत गुण मिळवून न्यूकमर, नॉव्हिस, इंटरमीजिएट असं वर चढायचं असतं. ती स्पर्धेची विभागणी आहे, वर्गाची नव्हे. शिवाय तो नाच सरळ पट्ट्यात, जास्त ताणलेल्या पावलांनी आणि आजच्या गाण्यांवरही नाचला जातो. लिंडीत लेव्हल १ घ्या. हात वाचायची सवय असल्यामुळे तिथे फार काळ राहावं लागणार नाही.

१९. जोडीदाराला हवेत उडवायचे वर्ग कधी घेता येतात?

त्यांना एरिअल्स म्हणतात. पहिली १९३५ मध्ये फ्रँकी मॅनिंग आणि फ्रीडा वॉशिंग्टन यांनी सॅव्हॉयमधल्या स्पर्धेत करून दाखवली, आणि त्याआधी खूप सराव करून. इथे लेव्हलचा आकडा पुरत नाही. ठरलेला जोडीदार हवा, कारण या वर्गात जोडीदार बदलत नाहीत. खाली गादी हवी, सांभाळायला तिसरा माणूस हवा, आणि दोघांपैकी कुणीही “आज नको” म्हटलं की तिथेच थांबायची तयारी हवी. सोशल डान्समध्ये एरिअल करायची नाही, कितीही येत असली तरी. शेजारी नाचणाऱ्याला तुम्ही काय करणार आहात हे माहीत नसतं.

२०. कोर्स सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि लेव्हल चुकली असं वाटतंय. आता?

तास संपल्यावर शिकवणाऱ्यांना गाठा, मेसेजवर नको, कारण त्यांना तुम्हाला नाचताना बघावं लागतं. अवघड जात असेल तर बहुतेक ठिकाणी त्याच फीमध्ये खालच्या वर्गात जाऊ देतात. फार सोपं जात असेल तर वर जागा आहे का आणि तुमच्या भूमिकेची गरज आहे का, हे विचारा. लीड-फॉलोंचा आकडा जुळत नसेल तर पुढच्या कोर्सपर्यंत थांबावं लागतं. तोवर त्याच वर्गात दर तासाला एक गोष्ट दुप्पट नीट करा, आणि नवख्या जोडीदाराने विचारल्याशिवाय त्याला शिकवू नका.